शेताचा पगार

नवागाम, सुरत
२० मे १९९७

चि. सौ. योगितास अनेक आशीर्वाद.

अखाजीच्या सणाला माहेरी आलीस आणि झोक्यावर धड बसायच्या आत परत निघालीस. पुरणाच्या मांड्यांसाठी भिजवलेलं पीठ तसंच राहिलं. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच तुला गाडीत कोंबलं.

स्टेशनवर मी तुझे हात बघितले. लूमवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातावरून त्याचं काम कळतं. तेव्हा चारचौघांत बोललो नाही, आता लिहितो.

तुझे सासरे माघात गेले. घरात उरली माणसं तीन, तू, चेतनराव आणि तुझ्या सासूबाई. वावर नऊ एकर. तुझे चुलत सासरे बळीराम ते वर्षाच्या ठोक्याने कसायला घ्यायला तयार आहेत. ठरलेली रक्कम घरबसल्या मिळेल, डोक्याला ताप नाही. मी इथे मागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली आहे. पत्र्याची आहे, पण नळ दारात आहे. आमच्या खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या शेठशी बोललो. चेतनरावांना लूमवर घेतो म्हणाला. पगार सात तारखेला आणि बावीस तारखेला. ऊन असो, पाऊस असो, तारीख चुकत नाही. शेतात कुठे आहे अशी तारीख?

दर वर्षी ज्येष्ठात तुमच्या घरात दाणादाण उडते हे मला माहीत नाही असं समजू नकोस. तुझी आई म्हणते, "पोरीले लिखा, तठे काय शे? आठे ये." तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आहे.

पेरणीच्या आत उत्तर दे. सासूबाईंना नमस्कार.

तुझे अण्णा
शालिग्राम


नांदरखेडे, ता. अमळनेर
५ जून १९९७

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

खोली चांगलीच असेल. मी येणार नाही.

रागावू नका, म्हणजे रागवा, पण पुढचं वाचा. तुम्ही सगळे धरून चाललात की आमचं शेत तोट्यात आहे. नाही. वर्षाचा हिशोब धरला तर शेत कमावतं. महिन्याचा धरला तर मरतं. एवढीच गोम आहे, आणि ती ना मामंजींना कधी दिसली, ना बळीराम काकांना दिसू द्यायची आहे.

दिवाळीच्या सुमाराला कापसाचा पैसा येतो तो एकगठ्ठा. मग आठ दिवस आम्ही शेठ असतो. भाऊबंदांच्या लग्नांना आहेर, मागच्या साली रंगीत टीव्ही, त्याच्या आदल्या साली देवळाला फरशी. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, कारण घरात पैसा दिसतो आहे. फाल्गुनात डबा रिकामा. आणि बियाणं, खत, निंदणी हे सगळे खर्च येतात ज्येष्ठ-आषाढात, जेव्हा शेतातून दमडी येत नाही. मग कणगीतली ज्वारी पडेल त्या भावाने विकायची. पहिला कापूस फुटला की मोटारसायकलवर व्यापारी येतो, बांधावर रोख मोजतो आणि आपण त्याच्या भावाने देऊन टाकतो, कारण थांबायला आपल्याकडे काही नसतं. सरकारी केंद्रावर भाव चांगला मिळतो, पण चेक यायला दोन-तीन महिने लागतात. ज्याला थांबता येतं त्यालाच तो भाव. पैसा येतो वर्षातून एकदा-दोनदा आणि पोट लागतं रोज, अण्णा.

म्हणून मी ठरवलं आहे. दोन एकर मूग घालायचा, तो पोळ्याला हाताशी येतो आणि कापूस वेचायच्या मजुरीला होतो. विहिरीजवळच्या तुकड्यात मेथी, वांगी. म्हशीचं दूध. आणि शेताचा जो पैसा येईल तो बँकेत. घरात फक्त पगार. सात तारखेला आणि बावीस तारखेला, तुमच्यासारखा. ह्यांना पगार, सासूबाईंना पगार, मला पगार. त्यात भागवायचं. आहेर करायचा तर आपापल्या पगारातून.

सासूबाई म्हणाल्या, "मन्हाच घरमा माले पगार?" आणि जेवल्याच नाहीत. ह्यांनी मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही, पण मी होकार समजले.

बियाण्याची सोय झाली आहे. कशी ते विचारू नका.

आणखी एक. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळं नवागाम म्हणत होतं, शालिग्रामने पोरगी खेड्यात ढकलली. आता तेच म्हणतील, आली परत. मला कोणाच्या तोंडी परत आलेली पोरगी व्हायचं नाही.

आईला सांगा, मांडे मी इथे केले होते. फाटले, पण केले.

तुमची
योगिता


नवागाम, सुरत
२० ऑगस्ट १९९७

चि. सौ. योगितास आशीर्वाद.

आपल्या गल्लीतल्या उषाबाई कानबाईच्या सणाला गावी गेल्या होत्या. येताना तुमच्या बाजारावरून आल्या. त्यांनी सगळ्या गल्लीसमोर, नळावर, तुझ्या आईला जे सांगितलं ते मी लिहितो. खोटं असेल तर कळव.

एक. तू बुधवारच्या बाजारात गोणपाट टाकून मेथीच्या जुड्या विकायला बसतेस. दोन. मी लग्नात दिलेलं लोखंडी कपाट तुझ्या घरात नाही. उषाबाई पाणी प्यायला घरी गेल्या तेव्हा तिथे भिंतीवर नुसता चौकोन दिसत होता.

ते कपाट मी कसं घेतलं हे तुला माहीत आहे. एक अख्खा उन्हाळा दोन-दोन पाळ्या केल्या. आरसा लावलेलं पाहिजे म्हणून तूच हटून बसली होतीस. बियाण्याची सोय कशी झाली ते विचारू नका म्हणालीस, आता विचारायची गरजच उरली नाही.

मी मेथी विकणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण मी पोरीला बारावीपर्यंत शिकवलं ते बाजारात मातीत बसायला नाही. पगार-पगार खेळणं पुरे झालं. शेत म्हणजे काय खातं आहे का, भोंगा वाजला की कापूस फुटायला?

सोबत मनीऑर्डर करतो आहे. डाळ-तांदूळ भर. खोली मी अजून धरून ठेवली आहे, भाडं भरतो आहे.

तुझे अण्णा


नांदरखेडे
३ सप्टेंबर १९९७

ती. अण्णांस नमस्कार.

मनीऑर्डर मी घेतली नाही. पोस्टमन म्हणाला, असं माणूस मी पहिल्यांदा बघतो. म्हटलं, बघून घ्या.

उषाबाईंनी सांगितलं ते सगळं खरं आहे. त्यांनी माझ्याकडून दोन जुड्या घेतल्या आणि भावात घासाघीस केली हे मात्र नळावर सांगितलं नसेल.

कपाट तुम्ही मला दिलं होतं. माझं होतं म्हणून विकलं. दुसऱ्या कोणाचं विकलं असतं तर तुम्ही म्हणाल ते ऐकून घेतलं असतं. त्याच्या पैशाने बियाणं आलं आणि या वर्षी कणगीतली ज्वारी पडत्या भावाने गेली नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही. नेलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. पण ते विकून मी उपाशी आहे असं जे तुम्ही समजलात त्याचा मला राग आला आहे.

आता मातीत बसण्याचं. अण्णा, तुमचा पगार सात तारखेला व्हायचा. दहा तारखेपर्यंत भाडं, किराणा आणि तुमच्या भावाला गावी पाठवायचे पैसे, सगळं वाटून मोकळं. अकरा ते एकवीस घर कशावर चालायचं? कधी विचार केलात? पर्वत पाटियाच्या शेठकडून साड्यांचे गठ्ठे यायचे आणि आई दुपारभर दारात बसून त्यांना लेस लावायची. शनिवारी तिचे पैसे यायचे. भाजी, रॉकेल, आमच्या वह्या, सगळं त्यातून. तुम्ही म्हणायचात, "आईचं आपलं बसल्याबसल्या चालतं." तुमच्या एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत पूल कोणी बांधला होता? आईला विचारा. मेथी म्हणजे माझी लेस आहे. तिच्यामुळे माझा कापूस थांबू शकतो.

मूग निघाला. बरा निघाला. वेचणीच्या मजुरीचे पैसे बाजूला काढून डब्यात ठेवले आहेत.

आणि सासूबाई. पहिल्या पगाराला त्यांनी नोटा हातात घेतल्या नाहीत. मी चुलीजवळ ठेवून दिल्या. दुसऱ्या पगाराला हात पुढे केला. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, उद्या सात तारीख ना? परवा पोळ्याला बैलांच्या झुली त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणल्या आणि गावभर दाखवल्या. मामंजी असताना त्यांना मीठ आणायलाही हात पसरावा लागायचा. शेजारणीने मला सांगितलं, त्यांनी नाही.

भोंगा आमच्याकडे नाही. पण कापूस फुटेल.

तुमची
योगिता


नांदरखेडे
१८ ऑक्टोबर १९९७

ती. अण्णांस नमस्कार.

दिवाळीला मला येता येणार नाही. कारण लिहिते, म्हणजे उषाबाईंकडून कळायला नको.

कापूस फुटला आहे. नजर जाईल तिथवर पांढरं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वेचणी लावली. इंदुबाई म्हणून एक आहे, तिच्यामागे पंधरा-वीस बायका येतात. मी सगळ्यांना सांगितलं, पैसे बावीस तारखेला, एकरकमी. बुधवारी संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बावीसला. इंदुबाई म्हणाली, "बावीस तारीख काय खावानी शे का? आमना बाजार बुधवारले ऱ्हास." गुरुवारी एकही बाई आली नाही. सगळ्या बळीराम काकांच्या वावरात. ते दर बुधवारी बाजाराच्या तोंडावर पैसे देतात. इथे सगळे तसंच देतात. मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

पैसे डब्यात तसेच पडून होते, अण्णा. भरलेला डबा घरात आणि वेचायला माणूस नाही. नवागामात राहून डोक्यात दोन तारखा पक्क्या बसल्या, त्याच्या बाहेर मला दिसलंच नाही. शुक्रवारी सकाळी पैसे घेऊन इंदुबाईच्या दारात गेले. ती म्हणाली, आता काकांना शब्द दिला, त्यांचं वावर झाल्यावर येईन.

आभाळ भरून येतं आहे. पाऊस पडला तर बोंडातच पिवळा पडेल. आम्ही तिघं वेचतो आहोत.

तुम्ही आनंदाने दिवाळी करा.

योगिता


नवागाम, सुरत
२२ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. योगितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. दिवाळीत खातं पंधरा दिवस बंद असतं. मी आणि तुझी आई रविवारी निघतो. तुला आणायला येतो आहोत.

एक गोष्ट लपवून ठेवली होती, ती आता सांगतो. खोलीची गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. चैत्रात चेतनरावांनीच मला पत्र लिहिलं. तुला कळवू नका असं त्यांनी लिहिलं होतं म्हणून मी आजवर गप्प बसलो आणि तुझ्या शिव्या माझ्या अंगावर घेतल्या. त्यांनी लिहिलं होतं, मामा, ठरलेल्या तारखेला हातात पैसा येतो म्हणजे काय ते मला एकदा बघायचं आहे. दर ज्येष्ठात वडिलांचं तोंड बघत आलो, आता माझ्या तोंडाकडे घरचे बघतात.

नवऱ्यालाच नको असलेलं शेत तू कोणासाठी धरून बसली आहेस? हट्टालाही काही मोजमाप असतं.

लेसचं तुझ्या आईला विचारलं. ती हसली आणि उठून गेली.

तुझे अण्णा


नांदरखेडे
२५ ऑक्टोबर १९९७

ती. अण्णांस नमस्कार.

मी ह्यांना विचारलं. खरं आहे म्हणाले. मान खाली घालून नाही, माझ्याकडे बघून म्हणाले.

मग घेऊन जा त्यांना. मी अडवणार नाही आणि रडणारही नाही. पण मी येणार नाही, आणि सासूबाईंना एकटं टाकणार नाही. शेत कोणासाठी धरलं म्हणून विचारलंत ना? माझ्यासाठी. बाईने स्वतःसाठी काही धरलं की त्याला हट्टच म्हणतात.

पोस्टाने हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही, म्हणून आज रात्रीच्या गाडीने सुरतेला निघालेल्या माणसाच्या हाती देते आहे. येताना रिकाम्या हाती येऊ नका. आईला म्हणावं, जुन्या सुती साड्या आण, कापूस वेचायला ओटी बांधायला लागतील. वेचणीचे पैसे बुधवारी मिळतील. पाहुण्यांनासुद्धा.

योगिता


नवागाम, सुरत
१४ डिसेंबर १९९७

चि. सौ. योगितास आशीर्वाद.

चेतनरावांना घेऊन आम्हाला परत येऊन महिना झाला, पण तुझ्या आईच्या बोटांना बोंडाच्या काट्यांनी पडलेले ओरखडे ती अजून गल्लीला दाखवते. बुधवारी तू दिलेले पैसे तिने देवापुढे ठेवले आहेत, मला हात लावू देत नाही. आयुष्यभर मी कापड विणलं, योगिता, पण झाडावरचा कापूस हातात घेतला तो यंदा. कंबर मोडली. इंदुबाई आणि तिच्या बायका परत आल्या त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तो मोटारसायकलवाला बांधावर नोटा काढून उभा होता आणि दिवाळी दोन दिवसांवर. मी तुला सांगितलं, घे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. तू त्याला पाणी दिलंस आणि वाटेला लावलंस. मी तेव्हा मनात म्हटलं, पोरीचं डोकं फिरलं. अजून तसंच वाटतं. चेक आला का? चेतनराव रोज विचारतात, मी नाही.

ते बरे आहेत. काम पटकन शिकले. शिकायचे दिवस बिनपगारी गेले, सात तारखेला पहिला पगार झाला. मोजलाही नाही, नुसता धरून बसले. अकरा तारखेला मला विचारलं, मामा, बावीसपर्यंत लोक काय करतात? मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंना विचारा.

आता कडू लिहितो. तू मला लिहिलं होतंस, मजुरीचा दिवस बुधवार असतो हे कोणी आधी सांगितलं असतं तर. चेतनराव म्हणतात, मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला पगारातलं काय कळतं? पोरी, गाव त्यांचं, मजूर त्यांच्या ओळखीचे, लहानपणापासून त्यांच्याच वावरात आलेले. ते मला म्हणाले, वडील होते तेव्हा त्यांनी विचारलं नाही, आता ही विचारत नाही, मग मी लूमवर काय वाईट? यावर उत्तर तुला सुचलं तर त्यांना लिही, मला नको.

तुझे अण्णा


नांदरखेडे
४ मे १९९८

ती. अण्णांस नमस्कार.

इतके महिने मी चारच ओळी पाठवत होते, कारण लिहायला तोंड नव्हतं. आज आहे.

चेक माघात आला. मोटारसायकलवाल्याच्या भावाशी ताडून बघाल म्हणून मुद्दाम आकडा लिहीत नाही, तुम्ही जेवणार नाही. पैसा बँकेत आहे. उद्यापासून ज्येष्ठापर्यंत आणि ज्येष्ठातून पोळ्यापर्यंत पुरेल एवढा आहे. या घरात असं कधी झालं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून नाही.

आता ऐका. अखाजीच्या आदल्या दिवशी बळीराम काका आले. हातात वर्षाच्या ठोक्याचा कागद आणि त्यावर ह्यांची सही. सुरतेला पाठवून आणली होती. तुम्हाला माहीत होतं का, हे मी विचारत नाही. वावर दोघांच्या नावावर आहे, ह्यांच्या आणि सासूबाईंच्या. काकांनी शाईची डबी उघडून पुढे ठेवली आणि म्हणाले, वहिनी, अंगठा. पोराने सही केली आहे, आता कशाला ताणता?

मी गप्प होते. खरंच गप्प होते, अण्णा. माझं नाव कागदावर कुठेच नव्हतं. सासूबाईंनी कागद उलटा-सुलटा केला, मग डबीचं झाकण लावलं आणि काकांच्या हातात परत दिलं. म्हणाल्या, "मन्हा अंगठा भेटाव नही. आमनं वावर आम्हीच करसूत."

काकांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी अखाजी. वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदारांची सालं अखाजीला बदलतात हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या सालदाराला, पंडितला, काकांनी जास्तीचं साल देऊन स्वतःकडे लावून घेतलं. आमच्या घरात सात वर्षं होता. वर गावात सांगत सुटले आहेत, विधवेच्या आणि सुनेच्या वावरात पेरणीची पाभर कोण हाकतो ते बघतोच. तीन घरी विचारून आले, तिन्ही ठिकाणी नाही.

ठीक. पाभर मी हाकणार. इकडे पाभर पुरुष हाकतो आणि मागून चाड्याच्या वाटीत बी सोडत चालते ती बाई. बाईने पाभर धरली असं नांदरखेड्यात कोणी बघितलेलं नाही. सासूबाई खळ्यात उभ्या राहून मला शिकवत आहेत. चाळीस वर्षं त्या मागून चालल्या आहेत, पुढच्याचं काय चुकतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. बैल मला अजून जुमानत नाहीत. जुमानतील.

तुम्ही डिसेंबरात लिहिलंत ते खरं आहे. ह्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, वर तुम्हाला खोटं लिहिलं. ते मला सलतं. पण सही करताना त्यांनीही मला विचारलं नाही. फिटंफाट. हे पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल.

योगिता


नवागाम, सुरत
१५ जून १९९८

चि. सौ. योगितास आशीर्वाद.

तुझं पत्र मी महिनाभर खिशात ठेवून होतो. परवा चेतनरावांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली, परत उघडून वाचलं. आज पाळीवर न जाता पिशवी भरली. विचारलं, कुठे? म्हणाले, गावी. बाई पाभर हाकते म्हणजे अख्खा गाव हसेल, थांबवायला जातो. पिशवीत त्यांनी खोलीतलं सगळं भरलं होतं, भिंतीवरचा आरसासुद्धा. थांबवून परत येणारा माणूस आरसा नेत नाही, असं तुझी आई म्हणते. खोली आज सोडून दिली.

त्या सहीचं मला माहीत होतं. एवढंच लिहितो.

तुझे अण्णा


नांदरखेडे
२७ जून १९९८

ती. अण्णांस आणि आईस नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्यानंतर दोन दिवसांनी पोचलं.

हे आले तेव्हा मी वावरातच होते. ज्वारी पेरायला काढली होती. तीन ओळी झाल्या होत्या, तिन्ही नागमोडी. सासूबाई मागे चाडं धरून चालत होत्या आणि धापा टाकत होत्या, पण थांबायला तयार नव्हत्या. बांधावर दहा-बारा माणसं तमाशा बघायला उभी. बळीराम काका सगळ्यांच्या पुढे.

हे पिशवी बांधावर टाकून सरळ माझ्यापाशी आले. माणसांकडे बघितलं नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "आन इकडं, मी हाकस."

अण्णा, माझे दोन्ही तळहात फुटले होते. दिली असती तर कोणी नावं ठेवली नसती. घरी नवरा आला, पाभर त्याच्या हातात गेली, गाव घरी गेलं. बळीराम काकांना हसायचं होतं ते हसून झालं असतं, आणि पुढच्या साली पुन्हा कागद घेऊन आले असते. मी म्हटलं, नाही.

म्हणाले, लोक बघतात.

मी म्हटलं, त्यासाठीच नाही. मग मागच्या चाड्याकडे मान केली. म्हटलं, तुम्ही चाडं धरा. आई दमल्या आहेत. या वावराचा उतार तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. ओळ वाकडी गेली की मागून सांगा. ऐकीन.

मग त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावरून बियाण्याची ओटी उतरवून घेतली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. चारचौघांत, बायकांसारखी. बांधावर कोणीतरी हसलं. ह्यांनी त्या बाजूला बघून विचारलं, कोणाला हसू येतं? परत कोणाला आलं नाही.

चौथी ओळ सुरू केली. अर्ध्यावर मागून आवाज आला, डावीकडे. मी बैल डावीकडे घेतले. पुन्हा आवाज आला, आता जरा दाब. मी दाबलं. सासूबाई बांधावर बसल्या होत्या, पदराने वारा घेत, आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या की माझा पोरगा आणि माझी सून पेरतात, तुम्हाला काही काम नाही का.

काका गेले नाहीत. वावर संपेपर्यंत तिथेच उभे राहून बघत होते. बघू देत.

तुमची
योगिता